तुझ्या काउंटरवरच्या किमती

३ फेब्रुवारी

धाकटे,

कारणाशिवाय मी कुणाला पत्र लिहीत नाही, हे तुला माहीत आहे. तेव्हा कारण आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुझं तू ठरव. तू जाताना डाव्या ड्रॉवरमध्ये स्वतःचा फोन ठेवून गेलीस. त्याला तुझ्याच अक्षरात चिठ्ठी डकवलेली आहे, 'विकून टाक', आणि खाली किंमत. किमतीबद्दल माझं काही म्हणणं नाही, ती बरोबरच असणार. पण तो फोन तू तुझ्या खात्यातून काढलेलाच नाहीस. खात्यातून काढल्याशिवाय आयफोनमधलं सगळं पुसता येत नाही आणि पुसल्याशिवाय विकता येत नाही, हे तूच इतकी वर्षं माझ्याकडून घोकून घेतलंस. भिंगकाकांना त्यांच्या दुरुस्तीच्या टेबलावर नेऊन दाखवला. त्यांनी डोळ्यावरचं भिंग वर केलं आणि म्हणाले, "मोठ्या ताई, हा असाच विकलात तर सुट्या भागांच्या भावाने जाईल." तुझा फोन सुट्या भागांच्या भावाने द्यायला मला अजून वेड लागलेलं नाही. तर तिथे बसल्या बसल्या तुझ्या खात्यात जा आणि तेवढा फोन काढून टाक. दोन मिनिटांचं काम आहे.

एवढंच कारण. बाकी इकडे सगळं ठीक.

शे-दोनशे फोन असलेल्या दुकानात बसून मी कागदावर पेनाने लिहितेय, याचं भिंगकाकांना फार हसू येतंय. येऊ दे. तू नंबर बदललास आणि पोचल्यावर एका ओळीचं कार्ड टाकलंस, 'पोचले, काळजी नको.' वर पत्ता, नंबराचा पत्ता नाही. मग मी काय करायचं, कबूतर सोडायचं?

मी माल आणायला दोन दिवस बाहेर गेले काय आणि परत येते तो शटरची किल्ली भिंगकाकांच्या टेबलावर काय! सांगून गेली असतीस तर मी तुला काय दोरीने बांधून ठेवणार होते? बरं, जाऊ दे. भांडायला बसलेली नाही मी.

तू गेलीस म्हणून महिन्याचा निकाल थांबत नाही. नव्या नोकरीत नियम विसरली असशील, म्हणून आठवण करून देते. महिनाअखेरीला तुझं आयफोनचं काउंटर आणि माझं अँड्रॉइडचं काउंटर, कुणाचं जिंकलं ते ठरवायचं, आणि हरणारीने पुढचा महिनाभर दोघींचा चहा करायचा. तर जानेवारीत माझे अँड्रॉइड चोवीस गेले. तुझे आयफोन गेले दोन. मी जिंकले.

आता तू काय म्हणाली असतीस ते मला इथे बसून ऐकू येतंय. "ताई, गेले किती ते सांगू नकोस, परत आले तेव्हा कितीला घेतलेस ते सांग." हो, सांगते ना, मी काही लपवत नाही. गेल्या वर्षी शिकवणीवाल्या बाईंच्या भावाला मी जो अँड्रॉइड दिला होता, तो परवा परत आला. त्याला मूळ किमतीच्या पाव भागाच्या वर एक पैसा देणं मला जमेना. नाक मुरडत घेऊन गेला बिचारा पैसे. तुझ्याकडून त्याच आठवड्यात गेलेला आयफोन आजही निम्म्याच्या वर किंमत धरून आहे, तेही कबूल. पण मी पहिल्यापासून सांगतेय, दुकान विक्रीवर चालतं. किंमत धरून काचेत बसलेल्या फोनाने विजेचं बिल भरलं जात नाही.

तेव्हा फेब्रुवारीचा चहा तुझ्याकडे. तू नाहीस म्हणून मीच करतेय, पण तुझ्या नावावर करतेय, हे लक्षात ठेव.

ताई


१ मार्च

धाकटे,

तुझं पत्र नाही. फोनही अजून तुझ्या खात्यातच आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की आधी ड्रॉवर उघडते, तुझा फोन चालू करून बघते आणि बंद करून ठेवते. दोन मिनिटांच्या कामाला महिना लावणारी तू नव्हतीस.

बरं, ऐक. समोरच्या जिन्याखाली बसतो तो कव्हरवाला आठवतो ना, तोच तो, प्रत्येक गिऱ्हाइकाला "सर, ओरिजिनल" म्हणणारा. तो आला होता. अगदी खुर्ची ओढून बसला. म्हणाला, "मोठ्या ताई, तुमचं ते पलीकडचं काउंटर रिकामं पडलंय. मला द्या, अर्धं भाडं मी भरतो." मी म्हटलं, "रिकामं कुठाय? अकरा आयफोन आहेत आत, डोळे आहेत ना?" तर उठून काचेत वाकून बघायला लागला आणि चिठ्ठ्या वाचून खो खो हसत सुटला. "या भावाने? अहो, मध्ये नवीन मॉडेल येऊन गेलं. या भावात आता कोण घेईल?"

मला माहीत नाही असं वाटलं का त्याला? मलाही कळतं. पण एकीने दुसरीच्या काउंटरवरच्या किमतीला हात लावायचा नाही, हा आपला नियम आहे. दुकान उघडलं त्या पहिल्याच वर्षी मी तुझा एक आयफोन तुला न विचारता स्वस्तात दिला आणि तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, तेव्हापासूनचा. तुझ्या चिठ्ठ्या तुझ्या हातच्या आहेत, त्या तशाच राहतील. त्यामुळे फेब्रुवारीत तुझ्याकडून एकही गेला नाही. पण एक मान्य करावं लागेल, तुझ्या काउंटरवरची किंमत एका पैशाने उतरलेली नाही. अख्ख्या बाजारात असं दुसरं काउंटर दाखव.

कुणी आयफोन विकायला आलं तर मी सांगते, "त्या काउंटरच्या बाई गावाला गेल्यात, येतील." लोक वळून जातात. काही जण दोनदा आले.

आता खरं बोलायचं तर कव्हरवाल्याचं बोलणं उडवून लावण्यासारखं नाही. भाडं वाढलंय आणि दोन काउंटरांचं भाडं एका काउंटरवर निघत नाही. त्याला मी मे महिन्याच्या अखेरीपर्यंत थांब म्हटलंय. तू परत येणार असशील तर लिही. येणार नसशील तरी लिही. तुला विचारल्याशिवाय मी ते काउंटर कुणाला देणार नाही, आणि मेनंतर न देऊन माझं भागणार नाही. कोंडी झाली आहे माझी, आणि ती तू एका ओळीने सोडवू शकतेस.

मार्चचा चहाही तुझ्याच नावावर.

ताई


२९ मार्च

धाकटे,

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस. पेन बदललंय.

या महिन्यात माझ्याकडून एक घोळ झाला. एका माणसाकडून अँड्रॉइड घेतला, चांगल्या भावाने घेतला, स्वच्छ आहे म्हणून. संध्याकाळी भिंगकाकांनी तो ट्यूबखाली तिरपा धरला आणि विचारलं, "ही चीर दिसली नाही का तुम्हाला?" काचेवर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत चीर! मी म्हटलं, ट्यूबलाइट जुनी झालीये, उजेड पडत नाही नीट. ट्यूब बदलली. पुढच्या आठवड्यात दुसरा तसाच घेतला. आता नवीन ट्यूबलाही नावं ठेवायची का, असं भिंगकाका म्हणाले. फार बोलायला लागलेत ते हल्ली. तू असताना तोंडातून शब्द काढायचे नाहीत.

शिकवणीवाल्या बाई आल्या होत्या, त्यांचा स्वतःचा आयफोन विकायला. मी नेहमीचं सांगितलं, बाई गावाला गेल्यात. तर त्या चष्मा काढून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "तीन महिने झाले तुमची बहीण गावाला गेलीय. कुठलं गाव आहे हे?" मग म्हणाल्या, "अहो, तुम्ही वाट बघा, हवी तेवढी बघा. पण माझ्या फोनची किंमत दर आठवड्याला उतरतेय, ती तुमच्या बहिणीसाठी थांबणार आहे का?" बरोबर होतं त्यांचं. मी त्यांना पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात पाठवलं. आपलं जुनं गिऱ्हाईक माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या दारात गेलं. त्या दिवशी मला रडू आलं, आता काय लपवायचं. दुकानात कुणी नव्हतं म्हणून बरं.

त्यांचं ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून तुझी वाक्यं आठवत बसले. "ताई, अख्खं दुकान आयफोनचं करू. कमी विकू, पण परत येईल तेव्हा मान खाली घालावी लागणार नाही असं विकू." असं तू चारदा तरी म्हणाली असशील. चारही वेळा मी "चहा टाकते" म्हणून उठले होते. मला वाटायचं, ही गंमत करतेय. दर महिन्याला भांडायचो तसंच हे एक भांडण, असं वाटायचं. पण तू गंमत करत नव्हतीस बहुतेक.

जेवताना मी अजून तुझ्या काउंटरकडे तोंड करून बसते. डबाही दोघींचाच भरला जातो, हाताला सवय झालीय. उरलेलं भिंगकाका खातात. त्यांचं पोट सुटायला लागलंय, त्याला जबाबदार तू.

निकाल: माझे एकोणीस, तुझा एक. तोही एका नवख्या मुलीने घेतला, तुझ्या चिठ्ठीतल्या भावाने, घासाघीस न करता. मी तिला दोनदा विचारलं, "नक्की ना?" एवढी भोळी गिऱ्हाइकं तुझ्याच नशिबाला कशी येतात गं?

फोन अजून तुझ्या खात्यात आहे.

ताई


१६ एप्रिल

धाकटे,

या वेळी महिना संपायच्या आत लिहितेय, कारण तसंच घडलंय.

सोमवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. मी नेहमीसारखा तुझा फोन चालू करून बघितला आणि बंद करायला लागले. भिंगकाका चिमट्याने कसला तरी स्क्रू शोधत होते, मान वर न करता म्हणाले, "बंद का करताय? त्यात एखादं सिम घाला आणि चालूच ठेवा. धाकट्या ताईंच्या खात्यात आहे ना तो? मग त्यांना तिकडे नकाशावर दिसेल, कुठंय ते."

"कोण कुठंय ते?"

"फोन."

"आणि फोन माझ्या पिशवीत असला तर?"

"तर तुम्ही," असं म्हणून ते परत स्क्रू शोधायला लागले.

इतकी वर्षं मी फोनांत घालवली आणि एवढी साधी गोष्ट मला कुणी सांगितली नाही! म्हणजे तू सांगितली असशील, पण ती तुझ्या काउंटरची गोष्ट, मी कशाला लक्ष देतेय. लगेच नवीन सिम घालून घेतलं. तेव्हापासून तुझा फोन माझ्या पिशवीत असतो. सकाळी घरी चार्ज करते, दुपारी दुकानात करते. माझा स्वतःचा फोन दोनदा बंद पडला, तुझा एकदाही पडू दिला नाही.

तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. कुणी आयफोन विकायला आलं की आधी खातं बंद केलंय का ते बघायचीस, मग नमस्कार करायचीस. अशी बाई स्वतःचा फोन खात्यात विसरेल का? मी फक्त म्हणतेय. विचारत नाहीये.

रविवारी दुकान बंद असतं. एरवी मी घरातच असते. पण मनात आलं, दिवसभर नकाशावरचं ते फोनाचं टिंब एकाच जागी दिसलं तर तुला वाटेल ताईचं काही बरंवाईट झालं. म्हणून बसमध्ये बसले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेले. तिथे काही नाही गं, एक पंक्चरवाला आणि एक पाण्याची टाकी. कंडक्टर म्हणाला, "बाई, शेवटचा थांबा, उतरा." मी म्हटलं, "उतरायचं नाहीये, परत जायचंय." त्याने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नकोस.

येताना आपल्या शाळेपाशी उतरले. तुझ्या नकाशावर शाळा ओळखू येत असेल ना? यावी म्हणून फाटकाशी बराच वेळ उभी राहिले. शाळा बंद, मैदानात कुत्रंही नाही. शेवटी वॉचमन बाहेर आला. "कुणाला न्यायला आलात?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "बहिणीला." त्याने माझे पांढरे केस बघितले आणि आत निघून गेला. वेडी समजला असणार. समजू दे.

आधी सकाळी बघायचे ते तू फोन खात्यातून काढलास का म्हणून. आताही बघतेच. अजून आहे असं दिसलं की मग चहा टाकते.

ताई


५ मे

धाकटे,

हे पत्र टाकायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही.

पेन बदललेलं नव्हतं. ट्यूबही चांगली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डावा जास्त पिकलाय. डोळ्यांची डॉक्टर चांगली बाई आहे, मला म्हणाली, "इतके दिवस काय केलंत?" मी म्हटलं, "फोन विकले." ती हसली, पण नंतर फार गंभीर झाली.

ऑपरेशन साधं आहे म्हणे. अवघड निघालं ते खिडकीवरचं काम. खिडकीतल्या बाईने माझं नाव, वय, पत्ता सगळं विचारून लिहून घेतलं आणि मग म्हणाली, "जवळच्या नातेवाईकाचा नंबर." मी पिशवीची चेन उघडत-लावत राहिले. तिला वाटलं ऐकू आलं नाही, ती मोठ्याने म्हणाली, "ताई, नातेवाईकाचा फोन नंबर!" रांगेतल्या सगळ्यांनी बघितलं. मी म्हटलं, "नंबर नाही." "व्यवसाय काय लिहिलाय तुम्ही? मोबाइलचं दुकान? आणि नंबर नाही?"

मी दुकानाचा नंबर दिला. ती पक्की निघाली. तिथल्या तिथे लावून बघितला. वाजून वाजून थांबला. म्हणाली, "कुणी उचलत नाहीये." मी म्हटलं, "कसं उचलेल, मी इथे आहे ना." तिला हसू आवरेना आणि मलाही आवरेना. दोघी हसलो बराच वेळ. मग तिने फॉर्म परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नंबर घेऊन या, त्याशिवाय तारीख मिळायची नाही, नियम आहे. बारा तारखेला परत बोलावलंय.

भिंगकाका आपला नंबर आनंदाने देतील. पण त्या ओळीत पुढे 'नातं' असंही लिहायचं असतं. तिथे काय लिहू?

तुला कळवलं तर तुला वाटेल, मी डोळ्यांचं निमित्त करून बोलावतेय. तू माझ्यावर दया करून परत यावंस असं मला नको आहे. यायचं तर काउंटरसाठी ये, नाहीतर चहासाठी ये. एप्रिलचा निकाल लावलेला नाही. एकटीने निकाल लावायचा कंटाळा आला.

मला फार एकटं वाटतं, धाकटे. बस्स, लिहिलं.

ताई


३० मे

धाकटे,

सोबत पाच मेचं पत्र आहे, तेव्हा टाकलं नव्हतं. आता वाच, पण त्यावरून फोनवर मला बोलायचं नाही. तू एकदा बोलायला लागलीस की मला काही सुचत नाही, म्हणून तर लिहितेय. त्या दिवशी फोनवर मी काय बोलले? 'हो', 'बरं' आणि 'जेवले'. तेव्हा जे बोलायचं राहिलं ते सगळं इथे.

बारा तारखेला मी त्या खिडकीसमोर बाकावर बसले होते. फॉर्म मांडीवर, नंबराची जागा कोरी. भिंगकाकांचा नंबर चिठ्ठीवर लिहून आणला होता आणि 'नातं'च्या पुढे 'शेजारी' लिहायचं ठरवलं होतं. माझी पाळी यायला दोन माणसं राहिली होती आणि तेवढ्यात माझ्या पिशवीत काहीतरी कोकलायला लागलं. असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. सगळा हॉल माझ्याकडे बघतोय. पिशवी उलटी केली, डबा पडला, चष्मा पडला, आणि तुझा फोन! मी सगळीकडे दाबून बघतेय, तो काही गप्प बसेना. एक नर्स धावत आली, "आजी, बंद करा तो!" आजी म्हणाली मला. मी म्हटलं, "मला येत नाही, हा माझ्या काउंटरचा नाही." तिने तो हातात घेतला, काहीतरी केलं, आवाज थांबला. मग ती पडद्याकडे बघतच राहिली.

"काय झालं?"

"इथे लिहून आलंय काहीतरी. 'हा फोन हरवला आहे' असं आहे वर. आणि खाली..." तिने मोठ्याने वाचलं, "'ताई, दवाखान्यात कशाला गेलीस? दोनदा गेलीस. लगेच फोन कर.' आणि नंबर आहे."

मी तिला म्हटलं, परत वाच. तिने परत वाचलं. मी तिसऱ्यांदा म्हटलं तेव्हा तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि तो नंबर फॉर्मवर लिहून दिला. मग विचारलं, "नातं काय लिहू?"

खिडकीतल्या बाईचा स्वभाव तुला सांगितलाच. तिने लगेच नंबर फिरवला आणि फोन स्पीकरवर टाकला. चार महिन्यांनी तुझा आवाज मी त्या खिडकीच्या जाळीतून ऐकला. "हो, मी तिची धाकटी बहीण. कुठंय ती? तिला द्या आधी!" दुकानात गिऱ्हाइकावर ओरडायचीस अगदी तसाच. माझी मागची सगळी रांग ऐकत होती आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

मग तू बोलत सुटलीस. डोळ्यांचं आधी का सांगितलं नाहीस, डावा की उजवा, डॉक्टर कोण, सोबत कोण आहे. आणि मध्येच म्हणालीस, "त्या रविवारी शेवटच्या थांब्यावर काय करत होतीस? आणि शाळेपाशी एवढा वेळ?" म्हणजे तू बघत होतीस. पंक्चरवाला आणि पाण्याची टाकी बघायला गेलेल्या मूर्ख बाईला कुणीतरी बघत होतं. मी 'जेवले' म्हणाले ते तेव्हा.

काउंटरचं मात्र तू साफ सांगितलंस. "मी परत येणार नाही, ताई. इथे माझं ऐकतात. कव्हरवाल्याला देऊन टाक." मी 'बरं' म्हणाले. ते लागलं मला, खोटं कशाला बोलू? चार महिने मी त्या काचेवर धूळ बसू दिली नव्हती. घरी येऊन एकटीच बसून राहिले. पण मग वाटलं, माझ्या प्रश्नाचं उत्तर तरी आलं. इतके दिवस तेही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू फोनवरून दहाही आयफोनांचे भाव सांगितलेस, मी तुझ्या जुन्या चिठ्ठ्या काढून नव्या लावल्या. तुझं म्हणणं होतं तसंच झालं. उतरले तरी किती उतरले, माझे असते तर मातीमोल झाले असते. दोन आठवड्यांत काउंटर रिकामं. शिकवणीवाल्या बाईही परत आल्या, एक घेऊन गेल्या. "आल्या वाटतं गावाहून?" म्हणाल्या. मी म्हटलं, "नाही, फोन आला."

डावा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा दुकानात आले तर काय सांगू, माझ्या काउंटरवरचा एकेक फोन ओरखड्यांनी भरलेला! मी हाच माल स्वच्छ म्हणून विकत होते. भिंगकाकांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, तेही आत्ताच दिसलं. त्यांना म्हटलं तर म्हणाले, "चार वर्षं झाली."

मे महिन्याचा निकाल: तुझे दहा, माझे आठ. विक्रीतही तू जिंकलीस आणि किमतीतही, आता भांडायला जागाच ठेवली नाहीस. जूनचा चहा माझ्याकडे.

कव्हरवाला परवापासून येतो. आत्ताच येऊन फीत लावून मोजून गेला, "सर, ओरिजिनल" करत. तुझ्या काउंटरवर आता फक्त काच आहे आणि ड्रॉवरमध्ये तू लिहिलेल्या त्या जुन्या चिठ्ठ्या. भिंगकाका म्हणत होते, एक फोन राहिलाय की अजून, धाकट्या ताईंना सांगून तोही मोकळा करून घ्या, चांगला भाव येईल. तू तो विसरली होतीस की मुद्दाम ठेवला होतास, ते मी तुला विचारलं नाही. विचारणारही नाही.

रविवारी बसने तळ्याकडे जाणार आहे. एका डोळ्याने का होईना, नीट दिसतंय आता.

आणि हो, पहिल्या पत्रात मी तो फोन तुझ्या खात्यातून काढून टाक म्हणून लिहिलं होतं. काढू नकोस.

ताई